षटकाराचं दुसरं नाव

"बॅनरवर नावापुढे काय टाकायचं?" परशुरामशेठने विचारलं, आणि सभामंडपात बसलेली अख्खी कमिटी माझ्याकडे बघायचं सोडून बंद पंख्याकडे बघायला लागली.

गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. खारकोंडची टेनिस क्रिकेट स्पर्धा तोंडावर आली होती. भातकापणी उरकली की आमच्या खाडीपट्ट्यात गावोगाव शेतांचे बांध मोडून मैदानं होतात, चुन्याच्या फक्कीने सीमारेषा आखतात आणि बांबूच्या मचाणावर समालोचकाला बसवतात. लोक खेळाडूंसाठी येतात तितकेच समालोचकासाठीही येतात. त्या मचाणावर मी कित्येक हंगाम काढले होते. तेव्हा माझं नाव निशांत घरत होतं. मग मी पुण्याला गेले, औषधं घेतली, ऑपरेशन करून घेतलं, आणि निशिगंधा होऊन परत आले. परत आल्यापासून एक अख्खा हंगाम माझा फोन वाजला नव्हता.

"किन्नर समालोचक असं मोठ्या अक्षरांत टाकू," चष्मेवाला खजिनदार म्हणाला. "बघायला गर्दी फुटेल."

"तृतीयपंथी टाका. सरकारी कागदावर तसंच असतं. कुणाला वाईट वाटत नाही," दुसरा म्हणाला.

"आमच्याकडे तर सरळ..." मागून कुणीतरी सुरुवात केली आणि बाकीचं खोकल्यात मिटवून टाकलं.

त्याने कुठला शब्द गिळला याचा अंदाज बांधायची मला गरज नव्हती. बायल्या, मामू, हिजडा, फिफ्टी-फिफ्टी. शाळेपासून एसटी स्टँडपर्यंत सगळे ऐकून झाले होते.

"बाकीच्या समालोचकांच्या नावापुढे काय टाकताय?" मी विचारलं.

"त्यांच्या? काही नाही. नुसतं नाव."

"मग माझंही नुसतं नाव."

परशुरामशेठने कपाळ पुसलं. हा माणूस स्पर्धेचा अध्यक्ष, वीटभट्टीचा मालक आणि मला माझ्या पहिल्या हंगामापासून अरेतुरे करणारा. पण त्या दिवशी तो मला अहोजाहो करत होता. कधी आलात, चहा घेतलात का. आधी मला वाटलं, मान देतोय. मग लक्षात आलं. 'तू' म्हटलं की पुढे 'आलास' म्हणायचं की 'आलीस', ते ठरवावं लागतं. 'तुम्ही आलात' म्हटलं की माणूस सुटतो.

"हे बघा," तो म्हणाला, "आमचं तुमच्याशी काही वाकडं नाही. पण पब्लिक आमच्या हातात नसतं. स्पर्धा गावाची आहे. उद्या कुणी दगड मारला, कुणी खुर्च्या फेकल्या, तर नाव खारकोंडचं जाईल."

कोपऱ्यातल्या खांबाला टेकून बाळारामदादा बसले होते. बाळाराम कडू म्हणजे आमच्या पट्ट्यातले सगळ्यांत जुने समालोचक. मला माईक धरायला त्यांनीच शिकवलं. माईक तोंडापासून किती लांब धरायचा, वारा कुठून येतो ते बघून मान कुठे वळवायची, सगळं.

"परश्या," ते म्हणाले, "माझा एकच बोलना हाय. ती नाय, तर मी नाय."

एवढं बोलून ते पुन्हा खांबाला टेकले.

शेवटी तोड निघाली. पहिल्या दिवसाचे सामने मी आणि दादांनी करायचे. फायनलला ठाण्याचे नामांकित समालोचक येणार होते, तो सामना त्यांच्याकडेच राहील. आणि घोळ झाला तर माईक लगेच दादांच्या हातात द्यायचा.

"घोळ म्हणजे?" मी विचारलं.

"तो झाला की कळेलच," परशुरामशेठ म्हणाला.

बाहेर टपरीवर दादांनी दोन चहा सांगितले. "शब्द हायत ना तुझे अजून? का पुन्याला सोडून आलीस?"

"आहेत की."

दादा कशाबद्दल बोलत होते ते मला कळलं. सहा धावा झाल्या की सगळे समालोचक एकच शब्द ओरडतात. सगळा देश तोच ओरडतो. मी तो कधी घेतला नाही. 'चेंडू खाडी ओलांडून गेला, नावाड्याला हाक मारा!' 'ताडाच्या शेंड्याला चुना लावून आला!' 'पाहुणा उठला आणि चहा न घेता निघाला!' प्रत्येक वेळी नवीन काहीतरी. पोरं पैजा लावायची, आता काय म्हणेल म्हणून. माझं नाव झालं ते त्यावरच झालं होतं.

"एक विचारू?" दादा बशीत चहा ओतत म्हणाले. "तो साधा शब्द तू कधी घेतलास नाय. इतकी वर्सं मी बघतोय. का?"

"आवडत नाही."

त्यांनी बशीवरून माझ्याकडे पाहिलं आणि चहा संपवला.

*

स्पर्धेच्या दिवशी मी हिरवी सुती साडी नेसले. शिडी चढून मचाणावर गेले तेव्हा खाली मैदान माणसांनी भरत होतं. बांधावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आंब्याच्या फांद्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे माणसं. भोंगे चारी कोपऱ्यांत बांधलेले. बॅनरवर बाकीच्या नावांच्या रांगेत माझं नाव होतं, पुढेमागे काही नाही.

माझ्यापुढे अडचण वेगळीच होती. पुण्यात मी आवाजासाठी एका बाईंकडे शिकायला जात होते. छातीतून बोलायचं नाही, वर डोक्यातून बोलायचं, वाक्याचा शेवट मऊ ठेवायचा. दुकानात, बँकेत, फोनवर मला तो आवाज जमायला लागला होता. कुणी मागे वळून बघत नव्हतं. म्हणून माईक हातात आला तेव्हा मी तोच आवाज लावला.

"नमस्कार रसिकहो. खारकोंडच्या या भव्य मैदानावर आपलं सर्वांचं मनापासून स्वागत."

भोंग्यांतून काहीतरी पातळ बाहेर पडलं. पहिलं षटक झालं. यष्ट्या उडाल्या तेव्हा मी "आणि फलंदाज बाद" असं म्हटलं, रेल्वेची सूचना द्यावी तसं. खाली लोक एकमेकांशी बोलायला लागले. एक म्हातारा उठून भेळेच्या गाडीकडे गेला.

दादांनी माईकवर तळवा ठेवला.

"ही कोन बोलतेय?"

"मीच."

"माझी निशी बोलत होती तेव्हा गाडीवाला भेळ द्यायचा थांबायचा. ही कोन आलीय?"

"दादा, तो आवाज काढला तर सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की मी निशांत होते."

दादा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. "बाय गो, हिरवी साडी नेसून तू मचाणावर बसलीस. खाली सगल्यांना ठावं हाय. न कळायला कोन उरलाय?"

त्यांनी हात काढला. पुढचा चेंडू पडला, फलंदाजाने तो मिडविकेटवरून उचलला, आणि माझ्या पोटातून जुना आवाज आपोआप वर आला.

"उचललाऽऽय! आंब्यावरच्या मंडळींनो, फांद्या धरा! पाहुणा थेट तुमच्याच घरी!"

चेंडू आंब्यात शिरला. वर बसलेली पोरं खरोखरच फांद्यांना धरून ओरडायला लागली. मैदान हाललं. भेळेकडे गेलेला म्हातारा कागद हातात धरून वळला. खालून कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो तर निशांत!" आणि दुसरा म्हणाला, "निशांत नाय, निशिगंधा. बॅनर वाच."

तो सामना मी माझ्या आवाजात केला. किती दिवसांनी जेवल्यासारखं वाटत होतं.

*

दुसऱ्या सामन्यात सारळपाड्याचा संघ उतरला. त्यांचं पब्लिक टेम्पो भरून आलं होतं. रस्त्याच्या बाजूला, सीमारेषेला चिकटून ते बसले. त्यांच्यात लाल टोपी घातलेला रोशन नावाचा एक तरुण होता, गळ्यात ढोल अडकवलेला. त्यांची फलंदाजी सुरू झाली. पहिल्याच चेंडूवर हरेश म्हात्रेने दोन धावा काढल्या.

"हरेश म्हात्रे, सारळपाड्याचा..." मी सुरुवात केली.

रोशनने ढोलावर टिपरू हाणलं. "छक्का!"

त्याच्या मागचे सगळे ओरडले, "छक्का! छक्का!"

मला आधी वाटलं, त्यांना नीट दिसलं नसेल. मग पाहिलं. त्यांच्यातला एकही मैदानाकडे बघत नव्हता. सगळी तोंडं मचाणाकडे होती. त्यांनी बोटं फाकवून, तळवे आडवे धरून टाळी दिली, ती टाळी.

पुढचा चेंडू हरेशने सोडून दिला. "छक्का!" त्याच्या पुढचा पायाला लागला. "छक्का!" मी वाक्य उचललं की ढोल वाजायचा. हरेशही गोंधळला. तो बॅट टेकवून आपल्याच लोकांकडे बघायला लागला. खारकोंडचे काही लोक हसत होते, काही मान खाली घालून फक्कीची रेघ बघत होते. पंचांनी दोनदा हात वर केला, पण काय थांबवायचं तेच त्यांना कळत नव्हतं. पब्लिकने छक्का ओरडू नये असा कुठे नियम आहे?

माझे कान तापले. मी माईक पदराला पुसला आणि पुन्हा धरला.

षटक संपलं. शिडी करकरली. परशुरामशेठ अर्ध्यावर येऊन थांबला. त्याचं फक्त डोकं मचाणावर दिसत होतं.

"झाला घोळ," तो म्हणाला. "माईक बाळारामला द्या. हा सामना होऊ दे. मग बघू."

मी दादांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"मी नाय घेनार," ते म्हणाले. "परश्या, तू घे आनि तूच बोल."

"शेठ," मी म्हटलं, "दोन षटकांमधला वेळ समालोचकाचा असतो. तेवढा बोलते. मग काय ते ठरवा."

तो शिडीवरच राहिला.

मी उठून उभी राहिले. समालोचक सहसा बसून बोलतात. मचाण हाललं, दादांनी खांब धरला.

"सारळपाड्याच्या रसिकांनो," मी म्हटलं, "तुमच्या ढोलाला माझा नमस्कार. वाजवता छान. पण एक तक्रार आहे. मागच्या षटकात तुमच्या हरेशने दोन धावा काढल्या, एक चेंडू सोडला, एक पायावर घेतला. आणि तुम्ही प्रत्येक चेंडूला छक्का म्हणून ओरडलात."

मैदान एकदम गप्प झालं. मला ऐकत आलेल्या लोकांनी माझ्या तोंडून तो शब्द कधीच ऐकला नव्हता. आंब्यावरून कुणीतरी "बोलली, बोलली!" असं कुजबुजलं, तेसुद्धा मला वर ऐकू आलं.

"होय, बोलले. इतकी वर्षं नव्हते बोलत. का ते आज सांगते. आठवीत मी बॅट घेऊन शाळेच्या पटांगणात उतरले की गोलंदाज धावायच्या आधीच मुलं ओरडायची, छक्का! मी एकही धाव काढलेली नसायची. आमचे सरही हसायचे. मी बॅट ठेवून दिली आणि चिंचेखाली बसून खेळणाऱ्यांवर बोलायला लागले. तिथून हा माईक माझ्या हातात आला. तो शब्द तोंडात येऊ नये म्हणून मी दुसरे शब्द शोधत राहिले. खाडी, ताड, पाहुणा. तुम्ही ज्यांच्यावर टाळ्या वाजवल्यात ना, ते सगळे मी घाबरून शोधलेले आहेत."

मी माईक दुसऱ्या हातात घेतला आणि पुढे बोलले.

"मला काय म्हणायचं ते म्हणा. मी मचाणावर आहे, तुम्हाला मान वर करूनच म्हणावं लागणार. पण क्रिकेट चुकवू नका. ह्या मैदानावर छक्का म्हणजे सहा धावा. चेंडू टप्पा न पडता फक्कीपलीकडे. तसा गेला तर आज तो शब्द मी बोलणार, आणि माझ्याबरोबर हे सगळं मैदान बोलेल. पण चेंडू मैदानात असताना जो छक्का म्हणून ओरडेल, त्याला क्रिकेट कळत नाही. शेजारच्यांनी त्याचं तोंड नीट बघून ठेवा."

मी खाली बसले. परशुरामशेठचं डोकं अजून तिथेच होतं.

गोलंदाज धावत आला. चेंडू बॅटच्या बाजूने थेट यष्टिरक्षकाच्या हातात गेला.

"छक्का!" सारळपाड्याच्या मागच्या रांगेतून एक घोगरा आवाज आला. एकटाच.

मी माईकजवळ तोंडही नेलं नव्हतं. भेळेचा कागद घेऊन बसलेला म्हातारा उठला, त्याने हात लांब केला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे ए आंधळ्या! कीपरच्या हातात हाय तो!"

सगळं मैदान हसलं. असं हसलं की गोलंदाजही परत जाताना वाकून हसत होता. त्या घोगऱ्या आवाजाच्या माणसाने मान खाली घातली, तर त्याच्याच गावच्या पोराने त्याच्या डोक्यावर टपली मारली. आमच्या पट्ट्यात माणसाला काहीही म्हणा, तो सोसतो. क्रिकेट कळत नाही म्हटलेलं सोसत नाही.

पुढचा चेंडू पडला. सारळपाडा गप्प. त्याच्या पुढचा, गप्प. रोशनने टिपरू उचललं होतं, पण ते तसंच हवेत राहिलं.

आता माझ्या मनात एकच होतं. हरेशने एक लांब टोला द्यावा. पट्ट्यातला सगळ्यात मोठा फटकेबाज तो. सगळं मैदान वाट बघत होतं. हरेशने पाय पुढे टाकला, बॅट आभाळापर्यंत नेली, आणि त्याचा मधला दांडा उडून यष्टिरक्षकाच्या पायाशी पडला.

माझ्या तोंडातून आपसूक निघालं.

"हरेशशेठ पुढच्या दाराला मोठं कुलूप घालून गावाला निघाले, आणि चोर मागच्या दाराने आला!"

हसता हसता लोकांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. सारळपाड्याचेही हसले. रोशनने कपाळाला हात लावला, पण दात दिसत होते. हरेश बॅट काखेत मारून परत निघाला तेव्हा त्याने मचाणाकडे बघून हात केला.

शेवटची जोडी उरली तेव्हा चिंतामण नावाचा त्यांचा बुटका यष्टिरक्षक आला. त्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती. तो बॅट धरायचा ती काठी धरल्यासारखी. दोन चेंडू त्याला दिसलेच नाहीत. तिसऱ्याला त्याने डोळे मिटले असावेत. बॅटचा असा आवाज आला की आंब्यावरची पोरं उभी राहिली.

चेंडू वर गेला. मी बघत राहिले. तो रस्त्याच्या बाजूला वळला, सारळपाड्याच्या टेम्पोकडे. लोक माना मागे टाकून बघत होते. फक्की मागे पडली. चेंडू टेम्पोच्या टपावर आपटला.

मी माईक दोन्ही हातांनी धरला.

"छक्काऽऽऽ!"

तो शब्द मी पहिल्यांदाच पूर्ण तोंड उघडून म्हटला. लांबवला. छातीतली सगळी हवा त्यात घातली. आणि तो संपायच्या आत खालून मैदानाने उचलला. खारकोंड, सारळपाडा, भेळवाला, पंच, ट्रॉलीतली माणसं. ढोल घुमायला लागला. सगळी तोंडं टेम्पोच्या टपाकडे होती. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

दादा खांबाला धरून रडत होते. मला म्हणाले, "धुरला जातोय डोल्यांत." मैदानात धुरळा कुठेच नव्हता.

*

सामना सारळपाडा हरला. खेळ संपल्यावर रोशन मचाणाखाली येऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतलेली. मला वाटलं, माफीबिफी मागणार.

"ओ ताई," तो म्हणाला, "आमच्या चिंत्याचं नाव अजून एकदा घ्या ना माईकवर. त्याची आई आलीय बघायला. मगाशी तिला नीट ऐकू नाही गेलं."

मी माईक घेतला आणि चिंतामणचं नाव त्याच्या आईसाठी तीनदा घेतलं. दुसऱ्यांदा त्याच्या गावासकट, तिसऱ्यांदा टेम्पोच्या टपासकट. रोशनने टोपी घातली आणि ढोल वाजवत परत गेला.

संध्याकाळी परशुरामशेठ मचाणावर चढला, या वेळी पूर्ण वर. खुर्ची नव्हती म्हणून पिंपावर बसला.

"बोललीस बरी," तो म्हणाला.

'बोललीस' मी नीट ऐकलं.

"तीन संघांचे कप्तान येऊन गेले माझ्याकडे. फायनलला तूच हवीस म्हणतात. पण ठाण्याच्या पाहुण्यांना शब्द दिलाय मी. तेव्हा तू बाजूला बस. मधूनमधून एखादं वाक्य..."

"नाही, शेठ."

"नाही म्हणजे?"

"बाजूला नाही. पाहुण्यांनी पहिला डाव करावा. दुसरा माझा. पूर्ण. शेवटच्या चेंडूपर्यंत माईक कुणी मागायचा नाही, तुम्ही शिडीवर आलात तरी."

त्याने दादांकडे पाहिलं. दादांनी मैदानाकडे पाहिलं. शेठ उठला, माझ्या हिरव्या साडीकडे बघून हात त्याने उगाच हवेत हलवला, मग म्हणाला, "लाल नेस परवा. पार कोपऱ्यातल्या भोंग्यापासून दिसेल." आणि शिडी उतरून गेला.

फायनलच्या दिवशी ठाण्याचे पाहुणे आले. सज्जन माणूस. माझा डाव सुरू झाला तेव्हा ते उठून जाणार होते, ते गेले नाहीत. शेवटपर्यंत मचाणाच्या काठावर पाय सोडून बसले. खारकोंडच जिंकलं, शेवटून दुसऱ्या चेंडूवर, एका साध्या चोरट्या धावेने. मी इतकी ओरडले की दोन दिवस माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही.

मग बेंजोवाले वाजंत्री आले. आमच्याकडे जिंकलेल्या संघाची मिरवणूक मैदानापासून गावदेवीपर्यंत जाते. गुलाल, बेंजो, आणि सगळं गाव रस्त्यावर. खेळाडूंनी मचाणाखाली येऊन हाका मारल्या. "ताई, उतरा! ताई, खाली या!"

मी उतरले. पण गर्दीच्या कडेला जाऊन उभी राहिले, हाताची घडी घालून. सवय होती तशी. इतके हंगाम मी प्रत्येक मिरवणुकीत अशीच उभी राहिले होते. नाचायला लागले की माझी कंबर कशी हालते ते मला माहीत होतं, आणि ते बघून कोण काय म्हणेल तेही माहीत होतं. म्हणून ढोल वाजला की मी पायाची बोटं चपलेत दाबून धरायची.

ऊन उतरत आलं होतं. समोर पुरुष नाचत होते, आणि मागे, घरांच्या ओट्यांवरून उतरून, बायांनी रांग धरली होती. एकमेकींच्या कंबरेत हात घालून दोन पावलं पुढे, एक मागे. बेंजोवाल्याने चाल बदलली. माझे पाय चपलेत राहिनात. मी चपला काढल्या, बांधावर ठेवल्या, लाल पदर कंबरेला खोचला आणि रस्त्याच्या मध्ये आले.

सुरुवातीला मी डोळे मिटूनच नाचले. कंबर जशी जायची तशी जाऊ दिली. गुलाल तोंडावर आला, दातांत गेला. डोळे उघडले तेव्हा बायांची रांग माझ्यासमोर आली होती, आणि तिच्या टोकाची एक म्हातारी थांबून माझ्याकडे बघत होती. नऊवारी, कपाळभर कुंकू, कानात जड सोन्याच्या कुड्या.

"कुनाची गो तू?" तिने बेंजोच्या वर आवाज चढवून विचारलं.

आमच्याकडे नवीन मुलगी दिसली की बाया हेच विचारतात. मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बसलेल्या घशातून मी जितकं जमेल तितकं ओरडले.

"घरताची! पलीकडच्या मिठागरावरच्या बारकू घरताची! थोरली लेक!"

म्हातारीने जवळ येऊन माझ्या हनुवटीला धरलं, तोंड उजेडाकडे वळवलं आणि नीट पाहिलं.

"नाक बापाचाच आलाय," ती म्हणाली, आणि माझ्या कंबरेत हात घालून तिने मला रांगेत ओढून घेतलं.